जगात इंग्रजी किती चालतं आणि कुठवर पुरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: देशोदेशीच्या इंग्रजीचे क्रमवारी तक्ते दरवर्षी प्रसिद्ध होतात. त्यात नेदरलँड्स वर असतो आणि जपान बराच खाली. 'जगात १५० कोटी लोक इंग्रजी बोलतात' हे वाक्यही सगळीकडे दिसतं. यावर कितपत विसंबायचं? आणि स्वतःचं इंग्रजी चांगलं असेल तर परक्या देशातली नोकरी, शिक्षण, रोजचं राहणं त्यावर निभतं का?

मी बरीच वर्षं प्रौढांच्या इंग्रजी संभाषणाच्या परीक्षा घेतो आणि नव्या परीक्षकांना गुण कसे द्यायचे ते शिकवतो. त्यामुळे माझं उत्तर त्याच अंगाने येणार. 'इंग्रजी येतं' एवढ्यावर मला काहीच कळत नाही. काय करण्यापुरतं येतं? हॉटेलात खोली घेण्यापुरतं, की पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी समजावून सांगण्यापुरतं? जगाच्या इंग्रजीविषयीचा बराचसा गोंधळ हा एवढा तपशील गाळल्यामुळे होतो.

आधी ते १५० कोटी. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांचा २००३ च्या सुमाराचा अंदाज हाच होता. तेव्हाच्या जगात म्हणजे दर चार माणसांमागे एक. त्यानंतर जगाची लोकसंख्या दीडशे कोटींहून जास्त वाढली, कितीतरी देशांनी पहिली-तिसरीपासून इंग्रजी सुरू केलं, आणि तरी आजही आकडा १५० कोटीच सांगितला जातो. म्हणजे तो आकडा खोटा आहे असं नाही. तो मोजलेला नाही, जुळवलेला आहे. कुठे जनगणना, कुठे पाहणी, कुठे शाळेत इंग्रजी शिकलेल्यांची संख्या, असे तुकडे जोडून तो तयार होतो आणि प्रत्येक तुकड्यात 'येतं' कशाला म्हणायचं याची रेघ वेगळी असते. त्यातल्या त्यात भक्कम भाग एकच: इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे लोक साधारण ४० कोटींच्या आसपास आहेत. उरलेल्या सगळ्यांनी ती नंतर मिळवलेली आहे. जगात इंग्रजी बोलणाऱ्या चारांपैकी तिघांची ती घरची भाषा नाही, हे पुढच्या सगळ्या चर्चेत ध्यानात ठेवावं लागतं.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती बदलतं, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण भारताचं आहे. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे जेमतेम २.६ लाख. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून सांगणारे धरले तर १२.९ कोटी, म्हणजे दहा टक्क्यांच्या थोडं वर. पण जनगणनेत मातृभाषेखेरीज फक्त दोनच भाषा लिहून घेतात. ज्याला आणखी तीन भाषा येतात, त्याचं इंग्रजी तिसऱ्या जागी असेल तर ते कागदावर येतच नाही. उलट ज्याला इंग्रजीची तोंडओळख आहे त्यानेही ती सांगितली तर कोणी तपासत नाही. २००५ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात वेगळा प्रश्न होता: सफाईने बोलता, थोडंफार बोलता की अजिबात नाही? त्यात प्रौढांपैकी सुमारे २० टक्क्यांना काही ना काही इंग्रजी येत होतं आणि सफाईने बोलणारे सुमारे ४ टक्के निघाले. एकाच देशासाठी चार, दहा आणि वीस टक्के, आणि तिन्ही आकडे आपापल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहेत. कुणी एकच आकडा छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला प्रश्न काय होता ते विचारा.

युरोपात हीच गोष्ट जास्त गमतीशीर दिसते, कारण तिथे दोन्ही प्रकारची मोजणी झालेली आहे. २०१२ साली युरोपीय संघाच्या युरोबॅरोमीटर या जनमत पाहणीत लोकांना विचारलं होतं की संभाषण करता येईल इतपत कुठली परकी भाषा येते. इंग्रजी म्हणणारे नेदरलँड्समध्ये ९० टक्के, स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये ८६, जर्मनीत ५६, फ्रान्समध्ये ३९ आणि स्पेनमध्ये २२ टक्के होते. साधारण त्याच काळात युरोपीय आयोगाने शाळकरी मुलांची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. चौदा देशांतली पन्नास हजारांहून अधिक मुलं, बहुतेक पंधरा वर्षांच्या आसपासची. स्वीडनमध्ये ८२ टक्के मुलं बी१ किंवा त्याहून वरच्या पातळीवर होती. फ्रान्समध्ये १४ टक्के. (इंग्लंडच्या मुलांची परीक्षा फ्रेंचमध्ये झाली होती आणि त्यांचा आकडा ९ टक्के आला, त्यामुळे फ्रेंचांना हसण्यात इंग्रजांना फारसा अर्थ नव्हता.)

बी१ म्हणजे काय ते सांगायला हवं. युरोप परिषदेने २००१ साली भाषेच्या सहा पातळ्या ठरवून दिल्या, ए१ पासून सी२ पर्यंत. बी१ वरचा माणूस ओळखीच्या विषयावर बोलू शकतो, प्रवासात अडत नाही, आपलं म्हणणं साध्या वाक्यांत मांडतो. पण समोरचा भराभर बोलायला लागला की मागे पडतो. विद्यापीठं साधारण बी२ किंवा सी१ मागतात. मी परीक्षेला बसवलेल्यांपैकी 'माझं इंग्रजी चांगलं आहे' म्हणणारे बरेच जण बी१ च्या आसपासच असतात आणि त्यात ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या आजवरच्या कामाला तेवढं पुरलेलं असतं. युरोपातलं चित्र बदलतंय हेही खरं: २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोबॅरोमीटरनुसार युरोपीय संघात ४७ टक्के लोक परकी भाषा म्हणून इंग्रजी बोलू शकतात आणि तरुणांमध्ये हे प्रमाण ७० टक्के आहे.

आता ते दरवर्षीचे तक्ते. सगळ्यात जास्त ऐकू येतो तो ईएफ या कंपनीचा, २०११ पासून. इंग्रजी शिकवणं हाच या कंपनीचा व्यवसाय आहे. तिची फुकट ऑनलाइन परीक्षा जे आपणहून देतात, त्यांच्या गुणांवरून देशाचा क्रमांक ठरतो. परीक्षा कोण देतं? ज्याच्याकडे इंटरनेट आहे, ज्याला इंग्रजीत रस किंवा गरज आहे आणि ज्याला आपली पातळी जाणून घ्यायची आहे तो. ही माणसं देशाचा नमुना नव्हेत. शिवाय बराच काळ ही मोजणी वाचन आणि ऐकणं यांच्याच जोरावर होती, तेव्हा त्यातून बोलण्याविषयी काही कळत नव्हतं. टोफेल परीक्षेचे देशवार सरासरी गुण वापरूनही लोक तक्ते करतात. ती परीक्षा घेणारी ईटीएस संस्था स्वतःच सांगते की या गुणांवरून देशांची क्रमवारी लावू नका. कारण साधं आहे. ज्या देशात परदेशी शिकायला जाणारी मोजकी श्रीमंत मुलंच परीक्षा देतात तिथली सरासरी चढी दिसते, आणि जिथे हजारो साध्या घरांतली मुलं हिंमत करून बसतात तिथली खाली येते. तक्ता वापरायचाच तर देश कुठल्या गटात आहे एवढंच बघावं. यंदा चार पायऱ्या वर गेला आणि पाच पायऱ्या घसरला, या बातम्या सोडून द्याव्यात.

तरी तक्त्यातला ढोबळ फरक खरा आहे. उत्तर युरोप पुढे आहे आणि जपान मागे, हे परीक्षेच्या खोलीतही दिसतं. त्याचं श्रेय किंवा दोष लोक शिक्षकांना देतात, आणि मला तो अन्याय वाटतो. पहिलं कारण भाषांमधलं अंतर. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. तिच्या हिशेबाने डच किंवा स्वीडिश कामापुरती यायला साधारण सहा महिने लागतात, आणि जपानी, चिनी, कोरियन किंवा अरबी यायला ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २,२०० तास. हे अंतर उलट्या दिशेनेही तेवढंच आहे. डच मुलाला अर्धं इंग्रजी घरातूनच मिळतं, जपानी मुलाला अक्षरांपासून वाक्याच्या रचनेपर्यंत सगळं नवं.

दुसरं कारण सबटायटल्स आणि डबिंगचं सांगितलं जातं. नेदरलँड्स, स्कँडिनेव्हिया आणि पोर्तुगालमध्ये परदेशी मालिका मूळ आवाजात दाखवतात, स्पेन, इटली, फ्रान्समध्ये आवाज बदलून. यात तथ्य आहे, पण जर्मनीतही डबिंगच चालतं आणि तरी तिथलं इंग्रजी बरंच बरं आहे, तेव्हा सगळा भार त्यावर टाकता येत नाही.

माझ्या मते सगळ्यात वजनदार कारण गरज हे आहे. डच किंवा डॅनिश बोलणारे थोडे. वैद्यकाची, यंत्रांची, कायद्याची सगळी पुस्तकं त्या भाषेत निघणं परवडत नाही, म्हणून विद्यापीठात पाऊल ठेवलं की इंग्रजी वाचावंच लागतं. जपानी बोलणारे बारा कोटी. शाळेपासून पीएच.डी.पर्यंत सगळं जपानीत होतं, परदेशी पुस्तकांची भाषांतरं पटापट येतात, नोकरी देणाऱ्या कंपन्यांचं बहुतेक काम जपानीत चालतं. तोशिहिदे मास्कावा यांना २००८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदाच देशाबाहेर गेले, आणि त्यांनी नोबेल व्याख्यान जपानीत दिलं. त्यांचा मूळ शोधनिबंध मात्र १९७३ साली इंग्रजीत छापलेला होता. लिहिण्या-वाचण्याचं इंग्रजी आणि तोंडाने बोलायचं इंग्रजी किती वेगळं असू शकतं ते यात दिसतं. जपानने २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय केला आहे. त्याने थोडा फरक पडेल. शाळेबाहेर ज्या भाषेवाचून काहीच अडत नाही, ती मुलं परीक्षेपुरती शिकतात आणि पुढे विसरतात. ब्राझील आणि लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागातही हेच आहे. स्पॅनिश किंवा पोर्तुगीजवर अर्धं खंड हिंडता येतं, मग इंग्रजीसाठी कोण झटणार?

जिथे इंग्रजांचं राज्य होतं त्या देशांचं गणित निराळं. श्रीनगरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ साली तीन वर्तुळांची मांडणी केली: आत ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, त्याबाहेर भारत, नायजेरिया, सिंगापूरसारखे, जिथे इंग्रजी कचेरीत आणि शाळेत रुजलं आहे, आणि त्याबाहेर चीन, जपान, रशियासारखे, जिथे ती परकी भाषा म्हणून शिकतात. ही मांडणी आज थोडी जुनी झाली आहे. सिंगापूरच्या २०२० च्या जनगणनेत पाच वर्षांवरच्या रहिवाशांपैकी ४८.३ टक्क्यांनी घरात सगळ्यात जास्त इंग्रजीच बोलतो असं सांगितलं. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण ३२.३ टक्के होतं. म्हणजे मधल्या वर्तुळातला देश डोळ्यांदेखत आतल्या वर्तुळात सरकतो आहे. दक्षिण आफ्रिकेत उलट आहे. संसद, विद्यापीठ, दुकानांच्या पाट्या सगळीकडे इंग्रजी दिसतं, पण ती घरची भाषा असणारे दहा टक्केही नाहीत. नायजेरियात राजभाषा इंग्रजी आहे आणि बाजारात पिजिन चालते, जी इंग्रजीतूनच घडली तरी स्वतंत्र भाषाच आहे. बीबीसीने २०१७ साली तिच्यासाठी वेगळी सेवा सुरू केली. नायजेरियन वकिलाचं इंग्रजी ऐकलं तर त्यात काही कमी नसतं, लय फक्त वेगळी असते. त्याच शहरातल्या ज्या मुलाची शाळा अर्ध्यात सुटली त्याचं इंग्रजी तेवढं नसतं. अशा देशांची सरासरी काढणं व्यर्थ आहे. दोन देशांमधल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या दोन घरांमधला फरक तिथे मोठा असतो.

सरकारं मात्र देशाला एकच शिक्का मारतात. ब्रिटनच्या व्हिसा नियमांत 'बहुसंख्य इंग्रजी बोलणाऱ्या देशांची' यादी आहे, त्या देशांच्या नागरिकांना इंग्रजीची परीक्षा माफ. त्या यादीत माल्टा आहे, जिथल्या बहुतेकांची मातृभाषा माल्टीज आहे. सिंगापूर नाही. मी अशा कितीतरी लोकांच्या परीक्षा घेतल्या आहेत ज्यांना स्वप्नंसुद्धा इंग्रजीत पडत असतील, आणि ते पासपोर्टमुळे माझ्यासमोर बसले होते.

राजभाषा बदलून लोकांची भाषा लगेच बदलत नाही, हे रवांडाने दाखवलं. २००८ साली सरकारने शिक्षणाचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर नेलं. शिकवणारे शिक्षक स्वतः फ्रेंचमध्ये शिकलेले होते. मलेशियाने २००३ पासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू केलं आणि काही वर्षांत तो निर्णय मागे घेतला. अल्जीरियाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेत इंग्रजी आणलं. नकाशावर असे देश लवकर रंगतात, बोलणारे तयार व्हायला एक पिढी जाते.

आता 'चांगलं' म्हणजे किती, याकडे येतो. याचं सगळ्यात काटेकोर उत्तर विमानवाहतुकीने दिलं आहे, कारण तिथे चुकीची किंमत जीवाने मोजावी लागते. जानेवारी १९९० मध्ये कोलंबियाहून निघालेलं अव्हियांकाचं ५२ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलं. १५८ पैकी ७३ माणसं गेली. खराब हवेमुळे विमान बराच वेळ घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलंय हे वैमानिकांनी सांगितलं होतं, आम्हाला प्राधान्य द्या असंही म्हटलं होतं. पण 'इमर्जन्सी' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, आणि तो शब्द ऐकल्याशिवाय नियंत्रकांनी त्यांना रांगेतून पुढे घेतलं नाही. व्याकरण शिकवून ही चूक टळली नसती. या आणि अशा काही अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सहा पायऱ्यांची मोजपट्टी केली. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी पायरी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद सांभाळणं असे सहा भाग तपासतात, आणि त्यांतला जो सगळ्यात कमी, तोच अंतिम दर्जा. पाच भागांत उत्तम आणि आकलनात तिसऱ्या पायरीवर असलेला वैमानिक तिसऱ्याच पायरीवर राहतो. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. आपण रोजच्या आयुष्यात नेमकं उलटं करतो: झोकदार उच्चार ऐकले की बाकी सगळं येत असेल असं धरून चालतो.

आणखी एक गोष्ट त्या मोजपट्टीत आहे, जी लोकांना माहीत नसते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या वैमानिकांनीही समोरच्याला कळेल असं बोललं पाहिजे, अशी तिथे अपेक्षा आहे. हे गरजेचंच होतं. तुर्की, कोरियन आणि ब्राझिलियन माणसं एकत्र बसली की त्यांचं इंग्रजीतलं काम बऱ्यापैकी चालतं. बोलणं सावकाश असतं, कळलं नाही तर विचारतात, वाक्यं छोटी ठेवतात. त्यात लंडनचा किंवा टेक्सासचा माणूस येऊन क्रिकेट-बेसबॉलचे वाक्प्रचार फेकत सुसाट बोलायला लागला की गाडी अडते. भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली मांडलं की परकीयांच्या आपसांतल्या इंग्रजीत काही उच्चार कळीचे असतात, जसे स्वरांची लांबी, शब्दाच्या सुरुवातीची जोडव्यंजनं, वाक्यात जोर कुठे द्यायचा ते. आणि काही अजिबात नसतात. जिभेचं टोक दातांत धरून काढायचा 'थ' त्यात पहिला, ज्यावर शाळांमध्ये तासन्‌तास जातात. व्हिएन्नात बार्बरा सायडलहोफर यांच्या पुढाकाराने अशा संभाषणांचा दहा लाख शब्दांचा संग्रह झाला. क्रियापदाला लागणारा 'एस' गळला तर कुणाचं काही बिघडत नाही; एकाच बाजूला ठाऊक असलेला वाक्प्रचार वापरला की मात्र बिघडतं, हे त्यांचं निरीक्षण माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळतं.

खुद्द इंग्रजीच्या घरीही सगळे सारखे नाहीत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत दहा लाखांवर लोकांनी आपल्याला इंग्रजी नीट किंवा मुळीच बोलता येत नाही असं नोंदवलं. अमेरिकेत २०२३ च्या आंतरराष्ट्रीय प्रौढ साक्षरता पाहणीत २८ टक्के प्रौढ वाचनाच्या पहिल्या पातळीवर किंवा त्याखाली आले.

मग परदेशात इंग्रजीवर निभतं का? विमानतळ, मोठी हॉटेलं, परिषदा, संशोधन, सॉफ्टवेअर, जहाजं: जवळपास सगळीकडे निभतं. नॉर्डिक देश, नेदरलँड्स आणि सिंगापूरमध्ये दुकान, बस, बँकसुद्धा निभते. घरमालकाचा करार, पोलीस चौकी, मुलाच्या शाळेतली पालकसभा, सरकारी कचेरी आणि दवाखाना या ठिकाणी मात्र बहुतेक देशांत स्थानिक भाषाच लागते, आणि लोकांना इंग्रजी येत असूनही लागते, कारण कागद त्या भाषेत असतात. जर्मनीत डॉक्टरकी करायची तर रोजच्या वापराचं जर्मन बी२ आणि वैद्यकीय जर्मन सी१ पातळीचं असल्याचं दाखवावं लागतं. तिथे इंग्रजी कितीही उत्तम असलं तरी परवाना मिळत नाही. फ्रेंच भाषक आफ्रिकेत फ्रेंच आणि मध्य आशियात रशियन जास्त कामाची. फोनमधलं भाषांतर रस्ता विचारायला आणि मेनू वाचायला उत्तम आहे, पण करारावर सही करताना त्याच्या भरवशावर राहू नका.

कुठल्या देशात जायचं ते ठरवताना तक्ता उघडण्याऐवजी त्या शहरातल्या आपल्या क्षेत्रातल्या नोकरीच्या दहा जाहिराती वाचा. त्या कुठल्या भाषेत लिहिल्या आहेत आणि अटींमध्ये कुठली पातळी मागितली आहे, ते पाहा. मग स्वतःची पातळी सहा महिन्यांच्या आतल्या परीक्षेवरून तपासा, शाळेतल्या गुणांवरून नको. आणि निकालात एकूण गुण न पाहता सगळ्यात कमी कशात पडले ते आधी बघा.